भ्रमरगिरि, आचारविहार व चिनी भाषेचें ज्ञान

विदर्भाच्या प्राचीन इतिहासावर मराठींत जें लेखन होतें त्यांत ह्युएनत्संग ह्या चिनी यात्रेकरूचें नांव आलें नाहीं असें क्वचितच घडतें. स्थलवर्णनें, तालुक्यांचे इतिहास, स्मरणिका, उत्खननस्थळांवरील माहितीफलक, सर्वत्र हा साक्षीदार उभा केलेला असतो. परंतु त्याची जबानी आमच्यांपैकीं किती जणांनीं त्याच्या स्वतःच्या भाषेंत ऐकली आहे असें विचारलें, तर उत्तर देणें अवघड जातें. झ्युलियँचें १८५७-५८ चें फ्रेंच भाषांतर, बीलचें १८८४ चें इंग्रजी भाषांतर, वॉटर्सचें १९०४-०५ सालीं प्रसिद्ध झालेलें विवरण, ह्यांवर, आणि पुष्कळदां ह्यांवरून दुसऱ्यानें केलेल्या उताऱ्यावर, आमचा सर्व व्यवहार चालतो. मोडी न वाचतां पेशवाईवर ग्रंथ लिहिणाऱ्यास ह्या त्रैमासिकाचे वाचक काय म्हणतील तें सांगावयास नको. शिवकालासाठीं फारसी पाहिजे हें ओळखून कै. ग. ह. खरे ह्यांनीं फारसी कागद मुळांतून वाचून छापले. गोव्याच्या दफ्तरांतील पोर्तुगीज कागदांसाठीं कै. पांडुरंग पिसुर्लेकरांनीं उभें आयुष्य वेंचलें. महानुभावांची सकळ लिपि उलगडली नव्हती तोंवर त्यांचें वाङ्मय मठांतील पोथ्यांतच राहिलें होतें. जो न्याय मोडीस, फारसीस व सकळ लिपीस लावला, तो चिनीस लावण्यास आम्ही कां कचरतों हें समजत नाहीं.

चिनी भाषा दुसरी भाषा म्हणून शिकण्याचे फायदे हल्लीं बहुधा व्यापाराच्या व नोकरीच्या हिशेबानें सांगितले जातात. ते असतीलही. आमच्या वाचकांस त्यांचें प्रयोजन नाहीं. आमचें म्हणणें निराळें व आंखूड आहे: ज्यास संस्कृत येतें, त्यास थोड्याशा चिनीपासून जो लाभ होतो तो केवळ चिनी जाणणारास होत नाहीं व केवळ संस्कृत जाणणारासही होत नाहीं. ह्याचें पहिलें उदाहरण आमच्या शेजारचेंच घेतों.

आम्ही राहतों त्या सिहोऱ्याहून पश्चिमेस तुमसर ओलांडून गेलें कीं रामटेक व मनसरचा मुलूख फार दूर नाहीं. रामटेकास नागार्जुनाच्या नांवाची टेकडी आहे. मनसर येथें १९९७-९८ पासून बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेनें श्री. जगत्पति जोशी व श्री. अ. कु. शर्मा ह्यांच्या नेतृत्वाखालीं उत्खनन केलें, आणि तेव्हांपासून हेंच ह्युएनत्संगानें वर्णिलेलें नागार्जुनाचें स्थान असें ह्या भागांत सर्रास लिहिलें जातें. त्याच्या प्रवासवृत्ताच्या दहाव्या खंडांत कोसल देशाचें, म्हणजे दक्षिण कोसलाचें, वर्णन आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्येस सुमारें ३०० ली अंतरावर एक पर्वत आहे. तेथें राजानें नागार्जुनासाठीं खडक कोरून पांच मजल्यांचा विहार केला, असें तो सांगतो. इंग्रजी भाषांतरांतून ह्या पर्वताचें नांव आमच्याकडे 'पो-लो-मो-लो-की-ली' असें आलें, व त्याच्यापुढें अर्थ म्हणून कोठें 'काळें शिखर' तर कोठें 'काळा भुंगा' असें आढळतें. वाचक बुचकळ्यांत पडतो. शिखराचा आणि भुंग्याचा संबंध काय?

संबंध अर्थाचा नाहीं, अक्षराचा आहे. चिनींत 'शिखर' व 'मधमाशी, भुंगा' ह्या दोहोंचा उच्चार 'फंग' असाच होतो, आणि दोन्ही अक्षरांचा अर्धा भागही तोच. पहिल्यास पर्वताचें चिन्ह जोडलेलें असतें, दुसऱ्यास किड्याचें. एवढाच फरक. आमच्या पोथ्यांत 'व' चा 'ब' व 'ष' चा 'ख' होतो, त्याच जातीचा हा लेखनिकाचा दोष आहे. मूळ पाठ कोणता हें ठरविण्यास चिनीबरोबर संस्कृत लागतें, तें असें. ह्या नांवांतील अक्षरांचा आजचा उच्चार बाजूस ठेवून तांग राजवटींतील उच्चार घेतला तर तो 'बत्-ला-मत्-ला-गि-लि' असा कांहींसा होतो. परक्या शब्दांच्या लेखनांत अक्षराच्या शेवटचा 'त्' कित्येकदां मोजावयाचा नसतो. आणि चिनींत 'र' नसल्यामुळें त्याच्या जागीं 'ल' येतो. मग 'भ्रमरगिरि' हें नांव कानावर सरळ येतें. 'भ्रमर' म्हणजे काळा भुंगा. 'गिरि' चा अर्थ द्यावयाची यात्रेकरूस गरज वाटली नाहीं, कारण 'पर्वत' हा शब्द त्यानें नांवापुढें निराळा लिहिलाच आहे. मागाहून कोणा लेखनिकास पर्वताच्या नांवांत भुंगा विपरीत वाटला, आणि पुढच्याच वाक्यांत ह्या डोंगराच्या उभ्या कड्यांचें वर्णन करतांना शिखराचें अक्षर आलेलें असल्यानें त्याची लेखणी तिकडे वळली. 'काळें शिखर' हा पाठ धरला तर 'भ्रमर' ह्या ध्वनीची वाट लागत नाहीं. 'काळा भुंगा' धरला तर ध्वनि व अर्थ दोन्ही जुळतात. पाठनिर्णयास ह्याहून अधिक काय पाहिजे?

रोमन लिपींतील 'पो-लो-मो-लो' वर विसंबल्यानें काय घडतें हेंही पाहण्याजोगें आहे. ओडिशांतील गंधमर्दन पर्वतासाठीं ह्याच नांवावरून 'परिमलगिरि' हें रूप सुचविलें गेलें आहे. गंध व परिमल ह्यांचा मेळ मनास गोड वाटतो. पण रोमन 'पो' मध्यें प, फ, ब, भ सर्व बुडून जातात. मूळ अक्षर तांगकाळीं घोष, म्हणजे 'ब' चें होतें. 'परि' तेथें बसत नाहीं, आणि यात्रेकरूनें दिलेला अर्थ तर परिमळाचा मुळींच नाहीं. बर्नहार्ड कार्लग्रेन ह्या स्वीडिश पंडितानें १९२३ सालीं जुन्या उच्चारांचा कोश छापला, तेव्हांपासून ही परीक्षा कोणालाही घरीं बसून करतां येते.

आतां भ्रमरगिरि हें नांव ठरलें म्हणून मनसर ठरलें असें मात्र नव्हे. उलट, मूळ वृत्त जितकें बारकाईनें वाचावें तितका हा दावा डळमळतो. कोसलाची राजधानी कोठें ह्यावरच एकमत नाहीं. कनिंगहॅमनें १८७१ सालीं चांदा धरलें, जेम्स फर्ग्युसननें वैरागडास पसंति दिली, अलीकडे छत्तीसगडांतील सिरपूरकडे अनेकांचा कल आहे. मैलास ५ किंवा ६ ली धरले तर ३०० ली म्हणजे ५० ते ६० मैल. चांदा किंवा भांदक राजधानी मानली तर मनसर उत्तरेस पडतें. सिरपूर मानलें तर तें जवळजवळ सरळ पश्चिमेस व तिप्पट अंतरावर जातें. नैर्ऋत्य कोठेंच साधत नाहीं. शिवाय वृत्तांत हा डोंगर दऱ्याखोऱ्यांवांचून एकच अखंड खडक असावा तसा दिसतो असें म्हटलें आहे; मनसरच्या हिडिंबा टेकडीवर जें निघालें तें विटांचें भव्य बांधकाम आहे, आणि त्याचा संबंध वाकाटक प्रवरसेनाच्या प्रवरपुराशीं जोडण्याकडे अनेक विद्वानांचें मत झुकतें. मनसरचें महत्त्व त्यानें कमी होत नाहीं. पण ह्युएनत्संगाची साक्ष तेथें लावावयाची तर दिशा, अंतर व खडक ह्या तिन्हींचें समाधान द्यावें लागेल. नुसतें नागार्जुनाचें नांव पुरणार नाहीं. आमच्या जिल्ह्याचा अभिमान आम्हांसही आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीखालून १९६९-७० सालीं निघालेला स्तूप त्या अभिमानास पुरेसा आहे. त्यासाठीं चिनी यात्रेकरूच्या तोंडीं नसलेले शब्द घालण्याचें कारण नाहीं.

ह्याच प्रकरणांतील राजाचें नांव आमच्या पुस्तिकांतून 'सद्वह' असें छापलें जातें, जणूं तो कोणी स्वतंत्र राजा होता. चिनी अक्षरांचा ध्वनि 'सातवाह' असा आहे, म्हणजे सातवाहन. मग 'सद्वह' आला कोठून? यात्रेकरूनें अर्थ दिला आहे 'सन्मार्गास नेणारा'. म्हणजे त्यानें, किंवा त्यास सांगणाऱ्या भिक्षूनें, 'सत् + वह' असा विग्रह केला. त्या विग्रहावरून युरोपीय भाषांतरकारांनीं संस्कृत रूप बनविलें, व तें आम्ही इतिहास म्हणून उचललें. राजा जुना, नांव मात्र एकोणिसाव्या शतकांतील.

नागार्जुनाच्या नांवाची गोष्ट ह्याहून मौजेची आहे. त्याचें जुनें चिनी भाषांतर 'नागवृक्ष' अशा अर्थाचें होतें. अर्जुन म्हणजे झाड, ज्याखालीं त्याचा जन्म झाला, अशी कथा कुमारजीवाच्या नांवावर असलेल्या चरित्रांत आहे. आमच्या बावनथडीच्या कांठीं उभे असलेले अर्जुनसादडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ती कथा परकी वाटणार नाहीं. ह्युएनत्संग मात्र तें भाषांतर चुकीचें आहे असें स्पष्ट लिहितो व 'नाग-शूर' असा अर्थ देतो. त्याच्या मनांत पांडव अर्जुन होता हें उघड आहे. जवळजवळ चौदाशें वर्षांपूर्वींचा हा पाठभेदाचा वाद इंग्रजींत एका टीपेइतकाच उरतो.

ह्या दोन उदाहरणांवरून यात्रेकरूच्या अर्थ देण्याच्या खोडीची ओळख झाली म्हणजे महाराष्ट्राच्या प्रकरणाकडे वळतां येतें. अकराव्या खंडांत महाराष्ट्र देशाचें जें वर्णन आहे, मानी व उपकार न विसरणारे लोक, पराभूत सेनापतीस स्त्रीचीं वस्त्रें देण्याची चाल, तें शाळेच्या पुस्तकांतून सर्वांस पाठ आहे. त्याच प्रकरणांत देशाच्या पूर्व सीमेवरील डोंगरांत कोरलेल्या विहाराचें वर्णन येतें. तो विहार म्हणजे अजिंठा, ह्याविषयीं आज कोणी फारसा वाद घालीत नाहीं. तो कोणीं केला? भाषांतरें सांगतात, 'आचार' नांवाच्या अर्हतानें. इकडे अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यांतील बुद्धभद्र भिक्षूच्या शिलालेखांत शैलगृह करविणाऱ्या स्थविर 'अचल' ह्याचा उल्लेख आहे. आचार आणि अचल हे दोघे कीं एक?

इंग्रजी वाचणाऱ्यास हे दोन शब्द दोन दिसतात. चिनी वाचणाऱ्यास ते एकही असूं शकतात, कारण शेवटचें अक्षर 'र' व 'ल' ह्या दोहोंसाठीं वापरलें जाई. धारणींच्या लेखनांत 'र' वेगळा दाखवावयाचा असल्यास त्याच अक्षरास मुखाचें चिन्ह जोडीत. येथें तें चिन्ह नाहीं. पण यात्रेकरूनें अर्थ दिला आहे: 'जें आचरिलें जातें तें'. म्हणजे त्याच्या समजुतीनें नांव 'आचार' होतें. ह्यावरून कित्येक जण अचलास बाजूस सारतात. आमच्या मतें तसें करतां येत नाहीं. सातवाहनाचा 'सद्वह' करणारा हाच पुरुष आहे; तो ऐकलेल्या नांवाचा विग्रह लावतो, आणि तो विग्रह म्हणजे पुरावा नव्हे. शिलालेख लेण्याच्या अंगावर आहे व यात्रेकरूहून सुमारें दीड शतक जुना आहे; त्याचें वजन अधिक. मात्र एक अडचण राहते ती लपवूं नये. आंध्र देशाच्या वर्णनांत ह्याच नांवाच्या अर्हतानें बांधलेल्या स्तूपाचा उल्लेख येतो. एकाच पुरुषाचें काम दोन देशांत कीं एक नांव दोघांचें, ह्याचा निर्णय आंध्रांतील एखादा लेख सांपडल्यावांचून व्हावयाचा नाहीं. तोंवर 'आचारानें अजिंठा कोरविला' असें निःशंक छापणें बंद व्हावें, एवढें तरी म्हणतां येईल.

पोथ्यांच्या संग्राहकांसाठीं दुसरा लाभ आहे, व तो कदाचित् पहिल्याहून मोठा. आमच्या पोथीवर लेखनकाल असला तर तो लेखनिकाचा. ग्रंथाचा काळ बहुधा अंधारांत. चिनी ग्रंथसूचींत भाषांतराचें वर्ष, स्थळ व भाषांतरकार नोंदलेले असतात, आणि त्यायोगें मूळ संस्कृत ग्रंथास खालची कालमर्यादा मिळते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांचें एका टीकेसह चिनी भाषांतर परमार्थानें केलें. तो ५४६ सालीं चीनला पोहोंचला व ५६९ सालीं वारला. डॉ. श्री. कृ. बेलवलकर ह्यांनीं १९१७ च्या भांडारकर गौरवग्रंथांत, त्या भाषांतराचें मूळ म्हणजे माठरवृत्ति, असें मत मांडलें. पुढें त्यावर आक्षेप आले. वाद रंगला तो ताकाकुसु ह्यांच्या १९०४ च्या फ्रेंच भाषांतराच्या आधारानें. वृत्तीच्या पोथ्या आमच्याकडे, आणि त्यांची कसोटी मात्र तिसऱ्याच्या हातीं, ही स्थिति संस्कृत पंडितांस शोभणारी नव्हती.

कोणी म्हणेल, हें सर्व बौद्धांचें. वैदिक दर्शनांस त्याचें काय? त्यास वैशेषिकांची दशपदार्थी दाखवावी. कणादाच्या सहा पदार्थांस शक्ति, अशक्ति, सामान्यविशेष व अभाव हे चार जोडणारा हा ग्रंथ. मूळ संस्कृत नष्ट, आणि ६४८ सालीं ह्युएनत्संगानेंच केलेलें चिनी भाषांतर तेवढें शिल्लक. १९१७ सालीं जपानी पंडित उइ ह्यांनीं तें इंग्रजींत आणलें. ज्यांच्या घरीं तर्कसंग्रह पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आला त्यांपैकीं किती जणांनीं हें नांव ऐकलें असेल? अश्वघोषाच्या बुद्धचरिताचीही तीच कथा. संस्कृतांत चौदा सर्गांच्या पुढें पोथी नाहीं, आणि तीही पुरती नाहीं. १८३० सालीं नेपाळच्या अमृतानंदानें शोध करूनही उरलेला भाग न मिळाल्यानें स्वतः श्लोक रचून जोडले. चिनी व तिबेटी भाषांतरांत सर्व अठ्ठावीस सर्ग आहेत. पोथी 'पूर्ण' आहे असें सांगणाऱ्या विक्रेत्याकडून ती घेण्यापूर्वीं हें ठाऊक असलेलें बरें.

महाराष्ट्रांत ही वाट कोणीं चोखाळलीच नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतील पुरुषोत्तम विश्वनाथ बापट ह्यांनीं उपतिस्साच्या विमुत्तिमग्गाचें चिनी भाषांतर बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गाशीं ताडून १९३७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. विमुत्तिमग्गाचें पालि मूळ त्यांच्या हातीं नव्हतें. चिनी येत नसतें तर हा ग्रंथ संभवताच ना. पुढें १९७० सालीं भांडारकर संस्थेनें त्यांचें व जपानी पंडित हिराकावा ह्यांचें विनयटीकेच्या चिनी रूपाचें भाषांतर काढलें. त्याच महाविद्यालयांतील वासुदेव विश्वनाथ गोखले ह्यांनीं आर्यदेवाचें अक्षरशतक चिनी व तिबेटी साधनांवरून १९३० सालीं हायडेलबर्ग येथें छापलें. दोघांच्याही कामाची मराठींत व्हावी तशी चर्चा झाली नाहीं. आमचीं नियतकालिकें पेशव्यांच्या कागदांत गढून गेलीं होतीं, आणि त्यांत गैर कांहीं नव्हतें, पण दुसरीकडे लक्ष गेलें नाहीं हें खरें.

गोखल्यांच्याच आणखी एका कामावरून ह्या विद्येची मर्यादाही कळते. वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचें मूळ उपलब्ध नसतांना व्हाले-पूसँ ह्यानें १९२३ ते १९३१ ह्या काळांत ह्युएनत्संगाच्या चिनीवरून फ्रेंच भाषांतर केलें व कारिकांचे संस्कृत पाठ जुळवीत आणले. राहुल सांकृत्यायनांनीं त्यांच्या आधारें १९३१ सालीं काशीस संस्कृत टीकेसह कोश छापला. आणि पुढें मूळ कारिकांची पोथी तिबेटांत सांपडली ती राहुलांनाच. तिच्या छायाचित्रांवरून गोखल्यांनीं १९४६ सालीं मुंबईच्या रॉयल एशियाटिक शाखेच्या नियतकालिकांत खरा पाठ दिला. पुनर्रचना कितीही कुशल असो, ती पोथीची जागा घेऊं शकत नाहीं. चिनीवरून 'उद्धरिलेल्या' संस्कृत ग्रंथांचा जो ढीग आज दिसतो त्यांतील श्लोक अश्वघोषाचे वा नागार्जुनाचे म्हणून उद्धृत करणें आम्ही धोक्याचें समजतों. चिनीवरून अर्थ कळतो, क्रम कळतो, काळ कळतो. शब्द कळतोच असें नाहीं. चिनी शिकलेल्या संस्कृतज्ञासच हा भेद राखतां येईल, व म्हणूनच त्यानें शिकावें.

वयाचा अडसर सांगितला जातो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले तेव्हां सत्तावीस वर्षांचे होते. युद्धाच्या धामधुमींत भाषा शिकून १९४२ सालीं मृत्यु येईपर्यंत ते तेथील विद्यार्थ्यांस चिनींतूनच शिकवीत. आमच्या कामासाठीं बोलण्याची भाषा लागत नाहीं, हें तर आणखी सोपें. प्राचीन चिनींत विभक्ति नाहीं, लिंग नाहीं, धातुरूपें नाहींत. ज्यानें लङ् व लुङ् पाठ केले त्यास ह्याचें भय वाटूं नये. खरें ओझें अक्षरांचें. त्यांची वर्गवारी १७१६ च्या कांग्-शी कोशाप्रमाणें २१४ मूळचिन्हांवर लाविली आहे. तीं चिन्हें आलीं म्हणजे भुंगा व शिखर ह्यांतील भेद डोळ्यास दिसूं लागतो. आमच्या पाहण्यांत, रोज अर्धा तास दिला तर वर्षभरांत प्रवासवृत्तांतील भूगोलाचीं ठराविक वाक्यें, दिशा, अंतर, घेर, विहारांची व भिक्षूंची संख्या, कोशाच्या साह्यानें लागूं लागतात. यात्रेकरू तींच तीं वाक्यें प्रत्येक देशास लावतो, ही त्याची नीरसता शिकणारास वरदानच आहे.

एक सूचना मात्र आरंभींच द्यावीशी वाटते. आज शहरांतील वर्गांतून जीं अक्षरें शिकवितात तीं चीनमध्यें १९५६ सालापासून सुलभ केलेलीं आहेत. जुन्या छापील ग्रंथांत तीं नाहींत. 'नाग' ह्याचें अक्षर सुलभ रूपांत पांच रेघांचें, मूळ रूपांत सोळा रेघांचें. म्हणून शिक्षकास प्रथमच सांगून जुनीं अक्षरें मागून घ्यावीं. ग्रंथ मिळविण्यास आतां पूर्वींसारखे सायास नाहींत. टोकियोस १९२४ ते १९३४ ह्या वर्षांत निघालेल्या तैशो त्रिपिटकाचा ५१ वा खंड, ज्यांत हें प्रवासवृत्त आहे, संगणकावर विनामूल्य पाहतां येतो. प्रारंभ दहाव्या खंडांतील कोसलापासून करावा, अकराव्यांतील महाराष्ट्र त्यामागून घ्यावा, आणि बीलचें भाषांतर शेजारीं उघडें ठेवून त्याच्या टीपा शेवटीं वाचाव्या.